शांततेच्या बंदोबस्ताला चाळीस मोटारसायकली

...न्हाय, मला एवढंच सांगा, शांतता राखायला चाळीस मोटारसायकली लागतेत का? चाळीस! म्या सोता मोजल्या, अन् एकेचाळिसावी मोजायच्या आत मागनं टमटम आली म्हणून मोजणंच सोडून दिलं. त्या टमटमवर भोंगा. अन् भोंग्यातनं काय वरडत व्हता? "कृपया शांतता राखा! पाव्हण्यांना शांतता लागती! शांतता राखा!" ...आता ह्येला काय म्हणावं? हसा, हसा, तुमचं काय जातंय, तुमची सायकल गेली न्हाय. माझी गेली. चोरीला न्हाय हो! चोरीला गेली असती तर परवडलं असतं, ठाण्यात जाऊन कागद तरी लिहून देता आला असता. माझी सायकल गेली ती इज्जतीनं गेली. इज्जतीची तक्रार कुठं करायची, सांगा की! थांबा, पयल्यापासनं सांगतो.

मी शंभुलिंग. लोकं शंभूअप्पा म्हणतेत. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या अंगाला आमचं गाव, अन् तिथनं अकरा किलोमीटरवर एक हायस्कूल हाय, तिथं मी शिपाई. सकाळी खोल्या उघडायच्या, घंटा मारायची, हेडमास्तरला च्या आणायचा, कुणी पोरगं चक्कर येऊन पडलं तर त्येला पाणी पाजायचं. अठ्ठावीस वर्षं झाली. अन् ह्या अठ्ठावीस वर्षांत मी रोज सायकलवर गेलो, सायकलवर आलो. अकरा अन् अकरा, बावीस. डबल बारची सायकल, मागं कॅरिअर, पुढं घंटी, मडगार्ड, सगळं हाय... उगं न्हाय.

तुमी म्हणणार, अप्पा, मोठा रस्ता हाय की, बस हाय, जीपा हायेत. हायेत ना! मोठ्या रस्त्यानं सतरा किलोमीटर पडतंय, अन् उसाच्या दिवसात त्या रस्त्यानं सायकल चालवून दाखवा मला! एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्राल्या, ऊस दोन्ही अंगानं लोंबलेला, गाणी एवढ्या आवाजात की ट्रॅक्टर चालू हाय का बंद ते डायवरलाच कळत न्हाय, अन् त्येचा एक हात स्टेरिंगवर तर एक हात मोबाईल धरून कानाला. पाठीमागनं आला की पाठीवर उसाचं वाढं फटकन् बसतंय. तवा मी कवाच ठरवलं, आपुन जुन्या गावाच्या रस्त्यानंच जायचं. अन् तुमाला सांगतो, त्या रस्त्याला एकबी गाडी न्हाय. एक-बी!

कामून न्हाय? आता ह्ये समजून घ्या. त्र्याण्णवला भूकंप झाला, तुमाला म्हायतच हाय, मी काय सांगू. गाव पडलं. सरकारनं नवं गाव दुसरीकडं बांधून दिलं, सरळ गल्ल्या, नंबर टाकलेली घरं. गाव उठून गेलं, पर रस्ता काय उठून जातोय का? त्यो राहिला तिथंच! नव्या गावाला नवा रस्ता झाला, शेताला जायला नव्या वाटा पडल्या, अन् ह्या जुन्या रस्त्याला कुणी इचारीना. डांबर कवाचं, पर झिजवायला कुणी न्हाय म्हणून अजून टिकून हाय. कडंला किलोमीटरचा दगड उभा हाय, त्येच्यावर आमच्या गावाचं नाव, दोन किलोमीटर. दोन किलोमीटर जावा, काय हाय तिथं? एक चिंच, एक बुजलेला आड, अन् बाभळी. दगडाला कुणी सांगितलंच न्हाय की गाव गेलं म्हणून.

लोकं त्या रस्त्यानं जात न्हायत, भितेत असं न्हाय. भुताखेताचं कुणी बोलत न्हाय. नुसतं... जात न्हायत. कुणी ठरवून ठेवलं न्हाय, तरी तीस-बत्तीस वर्षं कुणी गेलं न्हाय. मी जातो. चिंचंपाशी आलं की उतरतो, सायकल टेकवतो, अन् पाच मिन्टं बसतो. माझी आई तिथंच गेली. तिथं बसून मी रडतोय, आठवण काढतोय, असं काय न्हाय बरं का, तसला मी माणूस न्हाय. नुसता बसतो. ज्वारीतनं वारं जातंय, तितर वरडतंय, अन् दुसरा आवाज न्हाय. सायकलला आवाज नसतोय, तवा मी आलो काय, गेलो काय, तिथं काय मोडत न्हाय. बास, एवढंच. पाच मिन्टं झाली की उठायचं, घंटा मारायला जायचं.

रस्त्यानं भेटणारं माणूस एकच. धुरपदाबाई. पंच्याहत्तरच्या पुढं असतील, पंधरा-सोळा शेळ्या, हातात काठी. मी दिसलो की रोज, तुमाला सांगतो रोज, अठ्ठावीस वर्षं एकच बोलणं. "काय रं शंभू, अजून सायकलच का? नोकरी हाय नव्हं तुला?" म्या म्हणायचं, "हाय मावशी." "मंग?" मी घंटी वाजवून पुढं जायचो.

अन् गावात तर इचारूच नका. पन्नाशी वलांडलेला, पगार असलेला माणूस सायकलवर दिसला की लोकांना वाटतंय ह्येच्यावर काय तरी बाका परसंग आलाय. "अप्पा, गाडी बिघडली का?" "अप्पा, घरी भांडून निघालाव का?" एकानं तर मला आडवून हळूच इचारलं, "अप्पा, साखर निघाली का हो? डाक्टरनं सांगितलं का?" अरं न्हाय बाबा! मला काय झालं न्हाय! "लपवू नका अप्पा, आमच्या सासऱ्यालाबी हाय." अन् तिसरा तर इचारतबी न्हाय, सायकल उचलून सरळ टेम्पोत टाकतोय. "बसा अप्पा, सोडतो." मला सोडायचंच न्हाय कुठं, मला जायचंय!

पर ह्या सगळ्यांच्या वरचढ आमचा कुलदीप. माझा थोरला. लोहाऱ्यात त्येचं मोबाईलचं दुकान हाय. त्येनं काय केलं, मला न इचारता मोटारसायकल घिऊन आला. नवीकोरी, काळीभोर. दारात उभी केली, वरनं झाकण घातलं, अन् म्हणला, "अप्पा, उद्यापासनं ही." म्या म्हणलं, "मला येती चालवाया, पर नको." "कामून नको?" आता त्येला काय सांगू? चिंच सांगू? तितर सांगू? तसलं सांगायची आपल्यात पद्धत हाय का? म्या म्हणलं, "पाय मोकळे होतेत." त्यो चिडला. "अप्पा, दुकानात गिऱ्हाईक मला इचारतंय, बापाला सायकलवर का हिंडवतोस? माझी इज्जत हाय का न्हाय?" म्हंजे बगा, सायकलवर मी, पायडल मी मारतो, अन् इज्जत जाती त्येची!

तर असं चाललेलं असताना सृष्टीचा फोन आला. सृष्टी माझी लेक, पुण्याला कंपनीत हाय, कम्पूटरवर. म्हणली, "अप्पा, आमच्या हापिसातली माणसं लांब लांब सायकलवर फिरतेत. त्यांना गाड्या नसलेला रस्ता पायजे. म्या तुमच्या रस्त्याचं सांगितलं." म्या म्हणलं, "सायकलवर फिरतेत? बिचारी. पगार कमी हायेत का?" "न्हाय हो अप्पा! लाखलाखाच्या सायकली हायेत त्यांच्या." ...लाखाची सायकल! मी आमच्या मंडळीला, मल्लम्माला सांगितलं. ती म्हणली, "लाखात काय काय येतंय तिच्यात?" काय येतंय? म्या नंतर बगितली ना! कॅरिअर न्हाय, मडगार्ड न्हाय, चेनकव्हर न्हाय, स्टँडसुदिक न्हाय. उभी करायची तर झाडाला टेकवायची. लाख रुपये दिऊन सगळं काढून घेतल्यालं!

मग त्यांचा म्होरक्या, रणधीर म्हणून, त्येचा फोन. लई गोड बोलणं. "काका, सृष्टी म्हणाली तुमच्याकडे अगदी ट्रॅफिक-फ्री रूट आहे. खरंच?" म्या म्हणलं, एकबी गाडी न्हाय. "म्हणजे साधारण तासाला किती गाड्या धरायच्या?" म्या म्हणलं, तासाला नका इचारू, वर्षाला इचारा. "बरं, सरफेस कसा आहे?" म्या म्हणलं, धुरपदाबाईच्या शेळ्या बिनतक्रार जातेत. "आणि व्ह्यू?" "ज्वारी." "आणखी?" "हरबरा." मला वाटलं, मोडलं वाटतं. तर त्यो म्हणतोय, "काका, तुम्ही रोज जाता ना? किती वर्षं?" म्या सांगितलं. त्येनं तिथल्या तिथं हिशेब केला अन् वरडलाच, "काका! सव्वा लाख किलोमीटरच्या वर! म्हणजे पृथ्वीला तीन प्रदक्षिणा झाल्या तुमच्या!" तुमाला सांगतो, मी फोन धरून उभाच. पृथ्वीला तीन चकरा मारल्या, अन् एकदाबी घंटा उशिरा वाजवली न्हाय! आजवर कुणी असं म्हणलंच नव्हतं हो. सगळे इचारायचे, अजून सायकलच का? ह्यो पयला माणूस, जो म्हणला, "सर, आम्हाला तुमच्या मागून यायचंय." सर! मला! खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. म्या मल्लम्माला म्हणलं, कांदा चिरतीस का? ती म्हणली, न्हाय.

कुलदीपला कळलं. त्यो म्हणला, "अप्पा, सौदा करू. पुण्याची माणसं खूश हून गेली, तर मी सायकलचं नाव काढणार न्हाय, रिटायर होईस्तोर चालवा. पर नाराज गेली, तर सोमवारी भंगारवाला येणार, सायकल देणार, अन् तुमी गाडीवर बसणार. कबूल?" म्या म्हणलं, कबूल. कबूल न करून काय करतो? मला माझ्या रस्त्याचा भरवसा व्हता. नाराज व्हायला रस्त्यात काय पायजे? गाड्या. अन् त्या रस्त्याला तर एकबी गाडी न्हाय!

आता चूक कुठं झाली बगा. माझीच झाली. रस्त्याच्या कडंला वेडी बाभळ माजलीय, काटे डांबरावर पडतेत. माझं टायर जाड, मला काय हुईना, पर त्या लाखाच्या सायकलींचं टायर माझ्या करंगळीएवढं. म्हणलं सरपंचाला सांगून काटे तेवढे झाडून घ्यावं. आमचे सरपंच वैजनाथराव. माणूस मनानं लई चांगला, पर एकदा एखादी जिम्मेदारी घेतली की मग देवबी आडवू शकत न्हाय. म्या गेलो, सांगितलं, "पुण्याचे नऊ पाव्हणे येणार रविवारी, सायकलवर. काटे तेवढे काढून द्या. अन् एक करा, कुणी गाडी घिऊन त्या रस्त्यानं यायचं न्हाय. त्यांना गाडीचा आवाज नको."

वैजनाथराव इचारात पडले. म्हणले, "अप्पा, पुण्याची माणसं एवढ्या लांब सायकल चालवाया येतेत, म्हंजे तिकडं गाड्यांनी त्यांचा लई छळ केला असणार." म्या म्हणलं, असंल. "आन् आपल्या हद्दीत जर एखाद्या गाडीनं त्यांना कट मारला, तर गावाची काय इज्जत राहील?" म्या म्हणलं, "अहो सरपंच, त्या रस्त्याला गाडीच न्हाय तर कट कोण मारंल?" "आली तर?" "अठ्ठावीस वर्षांत आली न्हाय." "म्हणूनच!" टेबलावर हात आपटला त्येनी. "एवढ्या दिवसात आली न्हाय, म्हंजे आता यायची दाट शक्यता हाय! तुमी फिकीर करू नका. बंदोबस्त लावतो." ...म्या तवाच थांबवाया पायजे व्हतं. पर मला वाटलं, बंदोबस्त म्हंजे काट्यांचा.

शनिवारी सांजच्याला पाव्हणे आले. दोन मोठ्या मोटारी, मोटारींच्या पाठीमागं सायकली बांधलेल्या. म्हंजे सायकल चालवायची म्हणून सायकलीला मोटारीत बसवून आणलं! गावातल्या शाळेच्या खोलीत उतरले, मल्लम्मानं सगळ्यांना धपाटे अन् दही घातलं. रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. जानेवारीची थंडी, ज्वारी कणसात आलेली, वर धुकं. पुढं मी, डोक्याला मफलर, मागं ती नऊ, डोक्याला रंगीत टोप्या. पयला एक किलोमीटर... काय सांगू. कुणी बोलंना. नुसता टायरांचा सूं सूं आवाज. रणधीर माझ्या बरोबरीला आला अन् हळूच म्हणला, "काका, कमाल आहे. काहीच ऐकू येत नाही." म्या मनात म्हणलं, कुलदीपा, जिंकलो रं!

किलोमीटरचा दगड आला. दगडाच्या दोन्ही अंगाला दोन मोटारसायकली. गावचीच माणसं, कानाला टावेल, हातात काठ्या. म्या म्हणलं, "काय रं, इथं काय?" "बंदोबस्त अप्पा! सरपंचानं लावलाय. पाचपासनं उभे हाव. एक गाडी सोडली न्हाय!" "आली व्हती का?" "न्हाय. पर आली असती तर सोडली नसती." बरं म्हणलं, झालं तुमचं काम, जावा घरी. तर म्हणतेत, "घरी कसं? पाव्हण्यांना एकलं सोडायचं व्हय?" अन् दोघांनी किका मारल्या, अन् आमच्या मागं लागले. फट् फट् फट् फट्.

तुमाला सांगतो, पुढच्या वळणाला आणखी दोन. त्येच्या पुढं आणखी दोन. दर शंभर मीटरला दोन! वैजनाथरावनं अशी काटेकोर आखणी केल्याली की बास. अन् ज्येचं ठिकाण मागं पडंल, त्येची ड्यूटी संपली, म्हणून त्यो आमच्या मागं! दोनाच्या चार, चाराच्या आठ, मागं बघावं तर धुराळा. रणधीर म्हणला, "काका, ही मंडळी कोण?" आता काय सांगू? म्या म्हणलं, "ट्रॅफिक आडवायला हायेत." "पण कुठलं ट्रॅफिक?" ...त्येचं बरोबर व्हतं.

त्यात ही माणसं थंडीत पाचपासनं उभी, म्हणून त्यांच्यासाठी च्याचा टेम्पो. टेम्पो आला म्हणल्यावर पाव्हण्यांना सोडून च्या पितेत का कुणी? थांबवलं सगळ्यांना. त्यांच्यातली एक बाई म्हणली, "मी चहा घेत नाही." झालं! "च्या घेत न्हायत? मंग दूध आणा! म्हशीचं आणा! गरम करा!" मोटारसायकल गेली, दूध आलं. मग एका शेताच्या कडंला हुरडा. "आमच्या शेतापासनं तसंच जाता व्हय?" शेंगाची चटणी, गूळ, दही. पाव्हणे आपले खातेत, हात जोडतेत, सायकलवर बसतेत, दोनशे पावलं गेलं की दुसरं शेत! तिसऱ्या हुरड्याला रणधीर मला कानात म्हणला, "काका, नाही म्हटलं तर चालेल का?" म्या म्हणलं, म्हणून बगा. त्येनं म्हणून बगितलं. त्येला दोन कणसं जास्त मिळाली.

मग त्यो भोंगा आला, टमटमवर. शांतता राखा. टमटमच्या मागं ट्रॅक्टर, ट्रालीत खुर्च्या अन् मांडवाचं सामान. कशाला? तर सत्काराला! म्हणलं आता ह्यापेक्षा काय व्हायचं? तर पुढं नळकांडी पूल हाय, एकच गाडी बसंल एवढा. त्या पुलावर समोरनं आमचे हेडमास्तर, जीपमधी, चार शिक्षक घिऊन, पाव्हण्यांच्या स्वागताला! अन् बंदोबस्ताच्या माणसांना बिचाऱ्यांना सकाळपासनं आडवायला एक गाडी मिळाली नव्हती. आता मिळाली! आठ जणांनी जीपला घेरलं. "थांब! गाडी मागं घे! पाव्हण्यांना तरास होतोय!" हेडमास्तर आतनं वरडतेत, "अरे मी हेडमास्तर आहे!" "कुणीबी असा! सरपंचाचा आदेश हाय!" जीप मागं जाईना, ट्रॅक्टर मागं फिरंना, आमचा कुलदीप कुठनं तरी शिट्टी घिऊन मधी उभा, एक हात असा, एक हात तसा. अठ्ठावीस वर्षं एकबी गाडी न्हाय त्या रस्त्याला, अन् त्या दिवशी अर्धा तास जाम! पाव्हण्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या अन् ओढ्यातनं पलीकडं गेले. मी माझी डबल बारची घिऊन त्यांच्या मागं. पाण्यात उभा राहून एकच इचार डोक्यात... सोमवारी भंगारवाला.

कसंबसं निघालं सगळं, अन् पुढं आली चिंच. जुनं गाव.

म्या आधीच ठरवलं व्हतं, इथं पाव्हण्यांना उतरवायचं, पाच मिन्टं बसवायचं, बोलायचं काय न्हाय. त्येच्यासाठीच तर सगळं केलं व्हतं! आजवर कुणाला दाखवता आलं नव्हतं, कारण ज्येला सांगावं त्यो गाडी घिऊन येणार, अन् गाडी आली की दाखवायचं ते राहतच न्हाय. अन् आता बगा, मागं चाळीस मोटारसायकली, टमटम, टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, कुलदीपची शिट्टी. म्हणलं, जावं असंच पुढं, थांबूच नये.

तर रस्त्याच्या मधोमध धुरपदाबाई. भवती शेळ्या. काठी आडवी धरलेली. अन् वरडल्या, "बंद करा रं त्या गाड्या! माझ्या दारात हाव तुमी."

पयली बंद झाली. दुसरी झाली. एक-एक करून मागपर्यंत सगळ्या. भोंगा "शांतता रा..." म्हणून मधीच थांबला. ट्रॅक्टर शेवटी बंद पडला, त्येला येळ लागतोय. अन् मग, तुमाला सांगतो, जी शांतता झाली... दीड-दोनशे माणसं, अन् तितराचा आवाज आला.

कुणी सांगितलं न्हाय, कुणी ठरवलं न्हाय. लोकं उतरली अन् बाभळीत शिरली. जाणती माणसं पायानं माती सारून बगाया लागली. एक जण म्हणला, "ह्यो आमचा उंबरा." दुसरा म्हणला, "न्हाय, तुमचा पलीकडं, ह्यो आमचा." भांडण न्हाय, हळूच. वैजनाथराव, एवढा मोठा आवाजाचा माणूस, एका दगडापाशी उकिडवे बसले अन् दगडावर नुसता हात ठिवला. त्यांची दोन भावंडं तिथंच गेली व्हती. ही माणसं बत्तीस वर्षांत पयल्यांदा आली व्हती हो तिथं! अन् आली कशाला, तर शांतता राखायला. पाव्हणे टोप्या काढून हातात धरून उभे. अन् कुलदीप... कुलदीपचा जन्म नव्या गावातला, त्येनं काय बगितलंय? त्यो माझ्यापाशी आला. "अप्पा, आपलं कुठं?" म्या चिंचंकडं बोट केलं. त्येनं चिंचंकडं बगितलं, मग माझ्या सायकलीकडं बगितलं, मग माझ्याकडं. शिट्टी खिशात घातली. पाच मिन्टं झाली असतील, जास्त न्हाय.

मग भोंगा लागला. "सत्कारासाठी समद्यांनी पुढं चलावं!" झालं. परत किका, परत फट् फट्.

पुढचं काय सांगायचं? पाव्हण्यांना फेटे बांधले, त्या टोप्यांच्या वरनंच. शाल, नारळ. रणधीर बोलाया उभा राहिला. डोळे पुसत म्हणला, "आम्ही देशभर फिरलो, पण असा रस्ता कुठेच पाहिला नाही." म्या मनात म्हणलं, मीबी न्हाय बाबा. पर माणसं खूश हून गेली हो! जाताना सगळ्यांनी मला वाकून नमस्कार केला. सौदा मी जिंकला. कुलदीपनं शब्द पाळला, भंगाराचं नावसुदिक काढलं न्हाय. म्या म्हणलं, चला, उद्या सकाळी निघायचं, आपली सायकल, आपला रस्ता.

सोमवारी सकाळी बघतो तर सायकल जागंवर न्हाय! गेलो बाहेर. ग्रामपंचायतीपुढं गर्दी. वैजनाथरावनं रातोरात चौथरा धुवून घेतला, सायकल त्येच्यावर उभी, हार घातलेला, रंग नवा, चाकं सिमिटात पक्की रोवलेली, अन् वर फलक. "पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालणारी सायकल. हात लावू नये." म्या म्हणलं, "सरपंच, मला शाळंला जायचंय!" "जावा की! गाडी हाय नव्हं दारात?" "अहो पर सायकल..." "अप्पा, आता तुमी सायकलवर हिंडणार? तुमचा सत्कार झालाय! बरं दिसतं का?" हेडमास्तर तेच म्हणले. मल्लम्मा तेच म्हणली. म्या म्हणलं दुसरी सायकल घेतो, तर लोकं म्हणतेत, मग हिची काय किंमत राहिली? कुलदीप तेवढा तसं म्हणला न्हाय. त्येनं गाडीवरचं झाकण काढलं, चावी माझ्या हातात दिली, अन् हळूच म्हणला, "अप्पा, चिंचंपाशी बंद करत जावा." लेकराला कळलं व्हतं. पर कळून काय उपयोग? सिमिट वाळलं व्हतं.

तवा आता मी मोटारसायकलवर जातो. लोकं परत आपापल्या नव्या वाटंनं जातेत, त्या दिवसापुरतं आले ते आले. तुमाला सांगतो, त्या रस्त्याला आजबी एकबी गाडी न्हाय... एक हाय. माझी. जुनं गाव आलं की मी अलीकडंच बंद करतो, अन् पाव किलोमीटर ढकलत नेतो चिंचंपातूर. थोडी जड हाय का ती? शंभर-सव्वाशे किलो! घाम येतोय, कंबर धरती, पर चालू करत न्हाय. पाच मिन्टं बसतो, अन् परत ढकलत पाव किलोमीटर पुढं.

अन् रोज, रोज हो, शेळ्यामागनं धुरपदाबाई काठी टेकून उभ्या. माझ्याकडं बघतेत, गाडीकडं बघतेत, अन् म्हणतेत, "शंभू, ह्येच्यापरीस तुझी सायकल काय वाईट व्हती रं?"